टॅबिथाच्या पुढची खुर्ची

१६ जानेवारी, गुरुवार

मासे पुरवणारी कंपनी दर नाताळात मला एक डायरी देते आणि दरवर्षी ती आमच्या मासे-चिप्सच्या दुकानातल्या डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली जाते. यंदा टेबल डुगडुगू दे. आज जे झालं ते मला कुणापाशी तरी बोलायचंय, आणि ग्लेनिसला सांगितलं तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या सॉल्टरबी गावाला कळेल. ग्लेनिस आमच्या गल्ल्यावर असते. माझ्या वडिलांच्या काळापासून आहे, त्यामुळे मालक कोण हे तिच्या मते अजून ठरायचंय.

आज शाळेत पालकसभा होती. आमची टॅबिथा अकरावीत आहे, म्हणजे उन्हाळ्यात तिची जीसीएसई, शाळेची शेवटची मोठी परीक्षा. गणिताच्या प्रिचर्डबाईंनी सराव परीक्षेचा निकाल पुढे सरकवला. दोन. नवापैकी दोन. निदान चार तरी हवेत. चार मिळाले नाहीत, तर दक्षिणेला लाकडी होड्या बांधायला शिकवतात ना, ते केंद्र तिला घेणार नाही. वर सरकारचा नियम असा, की चार मिळेपर्यंत अठराव्या वर्षापर्यंत पुन्हा पुन्हा गणिताला बसायचं. टॅबिथाला होडीशिवाय दुसरं काही दिसत नाही. मागच्या अंगणात एक कुजकी डिंगी उपडी घालून तिची फळी न् फळी तिने बदललीय.

पोरगी बुटांकडे बघत बसलेली. मला राहवलं नाही. म्हटलं, "अगं घाबरतेस काय! मलाही गणितात चारच होते. आपल्या रक्तातच चार आहे."

प्रिचर्डबाईंनी विचारलं, "कुठल्या वर्षी, मिस्टर रडकिन?"

"पंच्याऐंशी."

"मग ती जुनी परीक्षा." बाई इतक्या हळू बोलल्या की मागच्या रांगेतल्या सगळ्यांनी कान टवकारले. "तेव्हा हुशार मुलांची परीक्षा वेगळी होती आणि बाकीच्यांची वेगळी. बाकीच्यांच्या परीक्षेत एक म्हणजे सर्वांत वर. चार म्हणजे... शेवटून दुसरा."

चाळीस वर्षं मी हे चार मिरवतोय. जीसीएसई आली, मग अक्षरं गेली आणि आकडे आले, सरकारने सगळं उलटंपालटं केलं, आणि मला कुणी एका शब्दाने सांगितलं नाही. दुकानाच्या काचेवर नगरपालिकेने दिलेले स्वच्छतेचे पाच गुण लावलेत, ते पाच म्हणजे उत्तम. मग माणसाने समजायचं काय?

रांगेतून कुणीतरी खिदळलं. माझं डोकं सटकलं आणि तोंडातून निघून गेलं, "मग मी देतो ही परीक्षा! टॅबिथाबरोबर. बघू काय एवढं असतं ते."

प्रिचर्डबाई म्हणाल्या, "बाहेरचे उमेदवार बसू शकतात." त्यांनी नाही म्हणायला हवं होतं. नाही म्हणणं हे त्यांचं कामच आहे.

१९ जानेवारी, रविवार

माघार घ्यायची म्हटलं तर प्रिचर्डबाईंना जाऊन सांगावं लागेल. त्यांनी सगळी चौकशी आधीच करून ठेवलीय, असं टॅबिथा म्हणाली. एवढी चौकशी केल्यावर नको म्हणणं किती वाईट दिसेल! देतो परीक्षा.

टॅबिथा म्हणाली, "बाबा, नको ना."

म्हटलं, "तुला सोबत म्हणून बसतोय, वेडे. एकटं वाटायला नको."

ती उठून अंगणात होडीकडे निघून गेली. हायसं वाटलं असणार.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

नाव नोंदवलं. परीक्षेचे दोन स्तर असतात, हे आज कळलं. पायाभूत स्तरात कितीही झकास लिहा, पाचाच्या वर जाता येत नाही. उच्च स्तरात नवापर्यंत जाता येतं, पण तीनच्या खाली घसरलात तर हातात काहीच पडत नाही. टॅबिथा पायाभूत देतेय. मी उच्च सांगितलं. माझ्या दुकानात लहान प्लेट मिळत नाही.

प्रिचर्डबाईंनी मला तीनदा विचारलं, नक्की ना? माझी छाप पडल्यासारखं त्यांचं तोंड झालं होतं.

९ मार्च, रविवार

ग्लेनिसने गल्ल्यावर दोन बरण्या मांडल्यात. लोणच्यातल्या अंड्यांच्या रिकाम्या बरण्या. एकीवर 'बाप' लिहिलंय, दुसरीवर 'लेक'. चिप्सबरोबर लाकडी काटा देतो ना आम्ही, तो खाऊन झाल्यावर ज्याला जो जिंकेल वाटतो त्याच्या बरणीत टाकायचा.

मी ओरडलो, "आधी ते काटे धुवायला लाव!"

"अरे राजा, काटे बरणीत पडतायत याचा आनंद मान," ग्लेनिस म्हणाली. "आधी समुद्रात टाकायचे."

लेकीची बरणी भरत चाललीय. माझ्या बरणीत मोजकेच काटे आहेत, आणि त्यातला एक मीच टाकलाय. टॅबिथा हल्ली दुकानातून न येता मागच्या दाराने घरात येते. होडीची घाई असेल.

६ एप्रिल, रविवार

आज टॅबिथाला समीकरणं शिकवली. माझी पद्धत अशी, की मी मोठ्याने सोडवत जातो, चुकतो, आणि ती माझी चूक काढते. पोरं अशीच शिकतात. तीन तासांत मी एकही गणित बरोबर सोडवलं नाही. म्हणजे तिचा केवढा सराव झाला!

एका ठिकाणी मात्र मी खरोखरच अडकलो. हा एक्स नेमका कोण, आणि तो दर गणितात वेगळा का? टॅबिथा म्हणाली, "बाबा, गिऱ्हाईक आत येऊन म्हणतं 'मासा द्या', पण कुठला ते सांगत नाही. तो एक्स. पैसे किती दिले ते बघून तू ओळखतोस ना, कुठला मासा असेल?"

मला एकदम लख्ख कळलं. शिकवायची मला आवड आहे, हे इतकी वर्षं माझ्या लक्षात कसं आलं नाही?

२७ एप्रिल, रविवार

लोर्नाचा स्पेनहून फोन. लोर्ना म्हणजे टॅबिथाची आई. चार वर्षांपूर्वी गेली, आता तिथे कुत्र्यांचे केस कापते आणि सुखात आहे. म्हणाली, "क्लाइव्ह, तू परीक्षेला बसतोयस असं ऐकलं. पोरीला जरा मोकळं सोड रे."

स्वतः स्पेनइतकं मोकळं सोडून दिलेल्या बाईने मला हे सांगावं! मी म्हटलं, भट्टीवर चरबी उकळतेय, आणि फोन ठेवला.

१५ मे, गुरुवार

पहिला पेपर झाला.

शाळेच्या व्यायामशाळेत खुर्च्या मांडल्या होत्या. पेनांची पिशवी आरपार दिसणारी हवी, पाण्याच्या बाटलीवरचा कागद सोललेला हवा, मनगटावर घड्याळ नको. मुख्य पर्यवेक्षक ऑर्मरॉड. चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे ते, आता निवृत्त. दर शुक्रवारी माझ्याकडे हॅडॉक मासा खातात. आज मात्र ओळख दाखवली नाही. माझा पासपोर्ट उघडून फोटोकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "चष्मा काढा."

आणि गंमत म्हणजे बैठक आडनावाच्या क्रमाने. रडकिन क्लाइव्ह, त्याच्या मागे रडकिन टॅबिथा. बरोब्बर माझ्या पाठीशी पोरगी! मान वळवायला बंदी, म्हणून धीर द्यायला मी नुसता खाकरलो. मग जरा गुणगुणलो. मासे तळताना मी गुणगुणतो, त्याने मला सुचतं. शाळेच्या खुर्च्या पोरांच्या मापाच्या, मी दोन्ही बाजूंनी बाहेर आलो होतो. पण म्हटलं असू दे, तिला आडोसा होईल.

माझा पेपर म्हणाल तर मला नाव लिहिता आलं. वर्तुळाचं एक गणित ओळखीचं वाटलं, पण ते निघालं शंकूचं.

आनंदाची गोष्ट वेगळीच आहे. सुरुवातीला मागे टॅबिथाचं पेन चाललेलं ऐकू येत होतं, आणि थोड्याच वेळात ते थांबलं. शेवटपर्यंत पुन्हा वाजलंच नाही. म्हणजे पोरीने अर्ध्याहून कमी वेळात पेपर संपवला! संध्याकाळी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं. लेकीच्या बरणीत काट्यांचा पाऊस.

टॅबिथा घरी येऊन सरळ उपड्या होडीखाली जाऊन झोपली. जेवायलाही आली नाही. बुद्धी खर्च झाली की थकवा येतोच.

१७ मे, शनिवार

होडीखालून रडल्यासारखा आवाज आला. वाकून विचारलं. म्हणाली, रंधा मारतेय. हातात रंधा नव्हता. मी बशी तिथेच ठेवून आलो. काय करावं मला कळत नाही. तिला जेवताना बघितलं की माझा दिवस बरा जातो, आणि ती जेवत नाहीये.

४ जून, बुधवार

दुसरा पेपर. आता जे लिहितोय ते मी तुरुंगात लिहिलं असतं तरी मला नवल वाटलं नसतं.

पेपर सुरू होऊन थोडाच वेळ झाला होता. एका प्रश्नात तापमानाचा आलेख होता. त्याची चढत जाणारी रेघ बघितली आणि मी पेन खाली ठेवलं. चरबी! सकाळी परीक्षेच्या गडबडीत तळण्याची भट्टी चालू केली होती, चरबी वितळायला. बंद केली का? आठवेना. चरबी तापत राहिली तर पेट घेते, मग दुकान जातं, वरचं घर जातं, अंगणातली होडी जाते.

हात वर केला. ऑर्मरॉड पावलांचा आवाज न करता आले.

"मला घरी जायचंय. भट्टी चालू राहिली असेल."

"दहा वाजेपर्यंत उमेदवाराला देखरेखीबाहेर जाता येत नाही, मिस्टर रडकिन."

"अहो, दुकान जळेल!"

"हळू बोला. फोन आहे का दुकानात?"

"आहे. ग्लेनिस तो उचलत नाही. तिला वाटतं फोनवर फक्त विमावाले असतात."

ऑर्मरॉड विचारात पडले. नियम मोडायचा नाही आणि शुक्रवारचा हॅडॉकही जळू द्यायचा नाही, अशा पेचात सापडलेला माणूस मी प्रथमच बघितला. मग ते कुजबुजले, "उमेदवार देखरेखीखाली असला पाहिजे. तो कुठे असला पाहिजे, हे नियमात नाही." हॉल दुसऱ्या पर्यवेक्षकावर सोपवला, माझा पेपर ताब्यात घेतला, आणि आम्ही निघालो. रस्ता ओलांडायचा आणि दुकान, पण त्यांनी मला एक शब्द बोलू दिला नाही. समोरून चर्चचे पाद्री आले, "सुप्रभात, क्लाइव्ह" म्हणाले. ऑर्मरॉडनी त्यांना ओठांवर बोट ठेवून गप्प केलं. धर्मगुरूला!

दुकानात ग्लेनिस बटाटे सोलत होती. मला बघून किंचाळली, "नापास झालास? इतक्या लवकर?"

"त्यांच्याशी बोलू नका, बाई," ऑर्मरॉड म्हणाले. "ते परीक्षेत आहेत."

मी हातवाऱ्यांनी भट्टी दाखवली. ग्लेनिसने हातवाऱ्यांनीच सांगितलं, की आल्या आल्या बंद केली, आणि त्यापुढे माझ्याबद्दल आणखी काही सांगितलं ते मी लिहीत नाही. हॉल एकदा सोडला की पेपर परत मिळत नाही आणि दहा वाजेपर्यंत सुटकाही नाही, म्हणून ऑर्मरॉडनी डुगडुगत्या टेबलापाशी मला बसवलं आणि समोर उभे राहिले. आमचं दुकान परीक्षा केंद्र झालं. ग्लेनिस बटाटा टोपात टाकायची तर आधी त्यांच्याकडे बघायची आणि मग अलगद सोडायची. बटाटेवाला गोण्या घेऊन आला आणि आरोळी ठोकणार तेवढ्यात ऑर्मरॉडनी त्याला दारातच अडवलं. बिचारा गोण्या चवड्यांवर चालत आत ठेवून गेला. जाताना टोपीही काढली, घरात कुणी गेलंय असं वाटलं असावं.

दहाला ऑर्मरॉडनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाले, "आता तुम्ही बोलू शकता. हॅडॉक किती वाजता सुरू होतं?"

मी त्या टेबलावर डोकं टेकलं. पोरीची परीक्षा चालू असताना मी तिला एकटं टाकून पळालो, तेही बंद भट्टीसाठी. तिला किती लाज वाटली असेल!

५ जून, गुरुवार

टॅबिथा काल घरी आली ती शीळ घालत. दोन माणसांचं जेवली. वर तळणीतले कुरकुरीत तुकडे मागून घेतले. मला ओरडली नाही की काही नाही. उलट म्हणाली, "बाबा, बटाटे सोलायला मदत करू?"

केवढं मोठं मन आहे पोरीचं. माझी फजिती तिने पोटात घातली.

मी शपथ घेतली, तिसऱ्या पेपरला काही झालं तरी जागचं हलायचं नाही. शेवटच्या मिनिटापर्यंत तिच्या पुढे खडकासारखा बसून राहणार. तिला तसं सांगितलं. ती उठून ग्लेनिसशी बोलायला गेली.

११ जून, बुधवार

दैवच फिरलंय. सकाळी ग्लेनिस म्हणाली, "जाता जाता बटाट्याच्या खोलीतून एक गोणी काढून दे ना राजा, माझी पाठ धरलीय." मी आत गेलो आणि बाहेरून कडी लागली. वाऱ्याने असणार. दार बडवलं, ओरडलो, घसा बसला. नेमका आजच ग्लेनिसने रेडिओ एवढा मोठा लावला होता, की तिला काही ऐकूच गेलं नाही.

पेपर सुटायच्या वेळेला दार उघडलं. ग्लेनिस दारात उभी, हातात माझ्यासाठी गरम बेकन सँडविच. "अगंबाई, तू इथे होय!" म्हणाली. सँडविचवर सॉसही होता, मला लागतो तसा.

ती कडी बदलायला हवी.

२१ ऑगस्ट, गुरुवार

निकाल लागला. शाळेत पाकिटं वाटली. माझ्या पाकिटात आकडाच नव्हता, नुसतं एक अक्षर होतं. अक्षराचा अर्थ, उमेदवार कुठल्याही श्रेणीत बसत नाही. ग्लेनिस म्हणाली, हे ती तीस वर्षं सांगतेय.

टॅबिथाला चार. होड्यांच्या केंद्राला हवे होते बरोब्बर तेवढे. प्रिचर्डबाईंनी तिला मिठी मारली, मग चुकून मलाही मारली. जन्मात पहिल्यांदा मी एका गणिताच्या बाईंच्या खांद्यावर रडलो.

मग आम्ही दोघं समुद्राच्या बांधावर चिप्स घेऊन बसलो. मी म्हटलं, "एकच हळहळ आहे. पुढचे दोन पेपर मी तुझ्याबरोबर असतो तर—"

"तर मला दोन मिळाले असते," टॅबिथा म्हणाली.

मला वाटलं चेष्टा करतेय.

"बाबा, समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं. तुला माहितेय?"

"हो, माझ्या अगदी समोर."

"माझ्या समोर तू होतास. किती वेळ राहिलाय मला कळेचना. त्यात तुझं ते गुणगुणणं, कोटाला माशाचा वास. पहिल्या पेपराला मी दोन पानांपुढे गेलेच नाही. नुसती बसून होते."

"अगं मग हात वर करायचास! सांगायचंस!"

"काय सांगणार? सर, माझा बाप जरा सरकवता का?"

मी हसलो. ती हसली नाही.

"नुसतं घड्याळ नाही रे. तू माझ्यासाठी बसला होतास ना, तेच जड झालं होतं. मी आपटले असते तर तू आपटणार, ग्लेनिस आपटणार, त्या बरण्या, सगळं गाव. मग दुसऱ्या पेपराला तू उठून गेलास, आणि ती परीक्षा माझ्या एकटीची झाली. मला एवढं हलकं वाटलं ना, बाबा, की मलाच वाईट वाटलं."

मी चिप्स खात राहिलो. त्या गार झाल्या होत्या. पाच महिने मी पोरीला आधार देतोय असं समजून तिच्या छातीवर बसलो होतो. मला फार वाईट वाटतंय. आणि इथे मी असं लिहिणार होतो, की ती नापास होऊन अजून दोन वर्षं माझ्याजवळ राहावी असं माझ्या मनात कधीच आलं नाही. ते खोटं आहे. आलं होतं. म्हणून तर मी तिच्या पुढून हलायला तयार नव्हतो की काय, कोण जाणे.

८ सप्टेंबर, सोमवार

टॅबिथाला पोचवून आलो. पहाटे निघालो, दुपारी पोचलो. खाडीला लागून लांबलचक लाकडी शेड आहे, आत अर्धवट होड्या उभ्या असतात आणि सगळीकडे भुसा. टॅबिथा गाडीतून उतरली ती नाकाने वास घेत.

शिकवणारा गृहस्थ सज्जन निघाला. म्हणाला, "या ना, आई-वडिलांसाठी चहा ठेवलाय. आत बसा, बघा आम्ही कसं शिकवतो ते. खुर्च्या मांडल्यात."

मी टॅबिथाकडे बघितलं. तिने पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली.

मी म्हटलं, "छे हो, दुकान ग्लेनिसवर टाकून आलोय. मला निघायला हवं." दुकान सोमवारी बंद असतं. टॅबिथाला ते चांगलं माहीत आहे. तिने मला घट्ट धरलं, बराच वेळ, आणि मग तिनेच सोडलं.

गाडीत येऊन बसलो. उघड्या दारातून आतलं सगळं दिसत होतं. इतर पोरांचे आई-वडील कपबशा घेऊन भिंतीला लागून बसलेले. माझ्या नावाची खुर्ची असेल तर ती रिकामी होती. टॅबिथाने बाह्या वर केल्या, एका लांब फळीचं टोक उचललं, आणि पलीकडच्या पोरीला काहीतरी सांगून हसली. मी गाडी चालू केली. सायलेन्सर फुटलेला, त्यामुळे तोफ उडाल्यासारखा आवाज झाला. शेडमधली सगळी माणसं माना वळवून बघायला लागली, एका बाईच्या बशीत चहा सांडला.

टॅबिथा वळली नाही. फळीवर पेन्सिलीने खूण करत होती. मी गाडी मागे घेतली आणि निघालो.